अप्पांना वाचून दाखवलेली मतं

शुक्रवार, शाळेच्या वार्षिक परीक्षेच्या आधीचा. हजर: मी, आमचे हे, आमची मुलगी प्राची, धाकटे भावजी नितीन, त्यांची बायको सुजाता आणि वरच्या मजल्यावरच्या दोन शेजारणी. आतल्या खोलीत सासूबाई, अंथरुणाला खिळलेल्या, आणि त्यांच्या उशाशी खुर्चीत अप्पा, म्हणजे माझे सासरे. गैरहजर कोणी नाही.

हजेरी आधी घेतली, कारण ती सोपी आहे. शाळेच्या ऑफिसात मी वर्षानुवर्षं हेच करत आले, कोण आलं, कोण नाही, काय झालं, काय राहिलं. पण त्या शुक्रवारनंतर मी जे केलं ते वर लिहिलेल्यांपैकी एकालाही माहीत नाही. यांनाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या घरी येऊन बसणार नाही, म्हणून असेल. यापेक्षा बरं कारण मला सापडलेलं नाही.

त्या संध्याकाळी टीव्हीवर एका गुन्हेगारी मालिकेचा पहिला भाग होता. आठवड्यातून एकदा लागणारी, खून, पोलीस, तपास अशी. गोष्ट आमच्याच भिवंडीतली. एक लूम कामगार बेपत्ता होतो आणि त्याची आई पोलीस स्टेशनात येते. ती आई म्हणजे आमची सुजाता. नाट्यस्पर्धांमधून कामं करायची पूर्वी, लग्नानंतर सुटलेलं. काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये शूटिंग होतं, तिथे कोणीतरी तिला बघितलं, विचारलं. एवढंच काम म्हणून अप्पांनी परवानगी दिली होती. एकदाच, आणि आपलं आडनाव कुठे लागता कामा नये, या अटीवर.

सगळे माझ्याकडे जमले, कारण मोठा टीव्ही माझ्याकडे. खुर्च्या मी लावल्या, बटाटेवडे मी तळले. शुक्रवारी आमच्या कामतघर भागात लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. एरवी भिंतीपलीकडून येणारी खटखट नव्हती, त्यामुळे आवाज आतल्या खोलीपर्यंत स्वच्छ जात होता.

हवालदार त्या आईसमोर एक चप्पल ठेवतो. ती बघते, ओळखते. चप्पल उचलते, पदराने पुसते. अगदी शाळेत जाणाऱ्या पोराची पुसावी तशी. आणि मग ओरडते.

काय सांगू? माझ्या हातात वड्यांचं ताट होतं, ते तसंच राहिलं. शेजारीण रडायला लागली. नितीन भावजी बायकोकडे असे बघत होते, जणू आजच पाहिली. मग सगळे एकदम बोलायला लागले.

"काय गं सुजाता, कुठे लपवून ठेवली होतीस ही बाई?"

"आता सही देऊन ठेव बाई, नंतर ओळख दाखवणार नाहीस!"

वड्यांबद्दल कोणी काही बोललं नाही. हसू येतंय ना? मलाही येतं. पण मला ते आठवतं, आणि एवढ्या वर्षांनंतरही आधी तेच आठवतं. यावरून तुम्ही मला ओळखा.

मंडळी उठल्यावर ती स्वयंपाकघरात माझ्यामागे आली. मालिकेवाल्यांचा फोन आला होता. आईचं काम वाढवायचंय म्हणे, दर महिन्याला निम्मे दिवस शूटिंग, घोडबंदरला. "ताई, अप्पा ऐकतील का हो? आणि ऐकलं तर आईंचं... तुम्ही सांभाळाल ना?"

सासूबाईंचं आम्ही दोघी आलटून पालटून करायचो, एक आठवडा तिचा, एक माझा. ती व्यवस्था मीच लावलेली. अंग पुसणं, कुशी बदलणं, चादरी, औषधं. माझा मोकळा आठवडा हा माझा जीव होता. त्यात मी झोपायचे. हो, फक्त झोपायचे. आता ती कॅमेऱ्यासमोर चप्पल पुसणार आणि मी इथे तिच्या वाटची भांडी घासणार. मनात नेमकं हेच वाक्य आलं. तोंडाने मात्र म्हटलं, "बघू, अप्पांशी बोलते मी."

ती म्हणाली, "तुम्ही बोललात तर ऐकतील. आणि ताई, मोबाइलवर त्या भागाच्या खाली लोकांनी काय काय लिहिलंय, ते वाचायचं धाडस नाही माझ्यात. तुम्ही वाचा आधी."

आता अप्पांबद्दल. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी मी त्यांना पेपर वाचून दाखवायचे. त्यांचा एकच नियम होता, गाळायचं नाही. निधनवार्ता, बाजारभाव, जाहीर नोटिसा, सगळं. एकदा घाईत मी एक नोटीस सोडली, तर म्हणाले, "पान लवकर पलटलास गो तू." त्यानंतर मी कधी काही गाळलं नाही. गावातले लोक जमिनीचे कागद घेऊन यायचे, तेसुद्धा ते माझ्याकडूनच वाचून घेत. दुसऱ्या कोणाचं वाचन त्यांना चालत नसे. "मोठी सून वाचते ती कालय रेघ," म्हणायचे. काळ्या दगडावरची.

शनिवारी सकाळी पेपर संपला तरी ते उठले नाहीत. लूम सुरू झाले होते, भिंत थरथरत होती.

"काल ती वरडली ना," ते म्हणाले, "माझे अंगावर काटा उभा रायला. मना वाटला, माझीच पोर वरडते."



"मोबाइलवर लोकं लिवतान ना, ते वाच. जग काय बोलतं ते बघू. मंग ठरवू."

समजलं ना तुम्हाला? त्यांचं ठरलंच होतं. त्या आंधळ्या माणसाने नुसत्या आवाजावरून तिला पास केलं होतं. फक्त जगाने मान डोलवायला हवी होती. आणि जग डोलवत होतं. माझ्या हातात फोन होता, मी बघत होते. "त्या आईने रडवलं." "बाकी भाग ठीक, तपास संथ, पण ती चप्पल पुसते तो प्रसंग विसरता येणार नाही." "इन्स्पेक्टर नाटकी वाटतो, आई खरी वाटते." नावं ठेवणारेही होते, पण मालिकेला, तिला नाही. कोणाला भिवंडीची भाषा जमली नाही असं वाटलं, कोणाला पार्श्वसंगीत कर्कश. एका बाईने लिहिलं होतं, "ही आईचं काम करणारी कोण आहे? नावं फार भराभर गेली. कोणी सांगेल का?"

मी पहिल्यांदा इन्स्पेक्टरवरची टीका वाचली, मग संगीतावरची. ती खरी होती. आणि मग मी फोनकडे बघत, जिथे तसं काहीच नव्हतं तिथून वाचलं, "घरंदाज बाई दिसते. पोलिसांपुढे पदर पाडून बोंबलताना हिच्या घरच्यांना लाज वाटत नाही का? पैशासाठी सुना बाहेर काढतात."

खटखट इतकी होती की त्यांना ऐकू जाईना. "काय? मोठ्यानं वाच."

मी मोठ्याने वाचलं. दुसऱ्यांदा, शब्द न बदलता. मनातलं रचलेलं इतकं पाठ कसं झालं? मी ते आदल्या दिवशी भांडी घासतानाच रचलं होतं का? खरं सांगते, मला माहीत नाही. कदाचित माहीत आहे.

"असा किती जणांनी लिवलाय?"

"आहेत बरेच."

ते खूप वेळ काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "बंद कर तो."

ते फोनबद्दल म्हणाले की तिच्या कामाबद्दल, हे मी विचारलं नाही. संध्याकाळी त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. नितीन भावजी चिडले, चांगलं लिहिणारे किती आहेत ते फोनवर दाखवायला लागले. आंधळ्या माणसाला दाखवत होते बिचारे. अप्पा म्हणाले, "चांगला बोलणारे शंभर असूदे. एकानं तरी असा लिवला ना? बस."

प्राचीने माझ्याकडे फोन आणला. "मम्मी, ते पदराचं कुठेय? मला तर कुठेच दिसत नाहीये."

"उडवलं असेल कोणी," मी म्हटलं. "आणि तू त्यात काही लिहू नकोस. आपलं नाव नकोय तिथे." एवढं सोपं होतं.

सुजाता भांडली नाही. भांडली असती तर मी कदाचित... नाही, हेही खोटंच. ती रात्रीच्या भाकऱ्या करताना एवढंच म्हणाली, "ताई, खरंच असं लिहिलंय?" मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हो, ठेवला. "तू वाचू नकोस गं. उगाच त्रास होईल." तिने वाचलं नाही. आजपर्यंत वाचलेलं नाही. एवढा विश्वास तिचा माझ्यावर.

तिसऱ्या भागापासून ती आई दुसऱ्याच बाईने केली. आम्ही तो बघितला नाही. त्या वेळेला आमच्याकडे टीव्ही बंद असायचा. सासूबाई वर्षाच्या आतच गेल्या, म्हणजे ज्या मोकळ्या आठवड्यासाठी हे केलं तो असाही मिळणारच होता. अप्पा त्यानंतर गेले. शेवटच्या आजारात एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "धाकटीला थांबवली ते बरा केला ना मी?" तेव्हा खोलीत दुसरं कोणी नव्हतं. खटखटही नव्हती, शुक्रवार होता. मी "हो अप्पा" म्हटलं. मोठ्याने म्हणावं लागलं नाही.

सुजाता आता धामणकर नाक्याजवळच्या एका दुकानात हिशोब बघते. घरात जिना चढताना कधी गुणगुणायची, ते थांबलंय. मागच्या हळदीकुंकवाला कोणीतरी जुन्या मालिकेचा विषय काढला, तेव्हा ती सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "आमच्या ताईंनी वाचवलं मला. नाहीतर लोकांनी माझे धिंडवडे काढले असते." आणि मला वाण दिलं, वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला. 

पहिला भाग अजून तसाच आहे मोबाइलवर. मी अधूनमधून उघडते, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसात कोणी नसताना. मतं वाचत खाली खाली जाते. त्या बाईचा प्रश्न तिथेच आहे. ही आईचं काम करणारी कोण आहे? कोणी सांगेल का? खाली कोणी उत्तर दिलेलं नाही. उत्तराच्या चौकोनात मी बोट ठेवते, कळफलक वर येतो. तिच्या नावाची तीनच अक्षरं आहेत.

घंटा होते. मी फोन बंद करते आणि कामाला लागते. ते लिहायचं राहिलंय.