कासवाचा रहिवासी दाखला

माणसांची मला किळस येते. निवृत्त शिक्षिकेनं असं बोलू नये म्हणतात, म्हणून मी कुणाला सांगत नाही. पण येते. आणि कासवाला घेऊन जर्मनीला जायचं ठरवलं, त्या वर्षी तर इतकी आली की दोन-दोन दिवस तोंडाला चव नसायची.

मुलगा जर्मनीत असतो. नवरा गेला आणि लातूरच्या घरात मी आणि कासव असे दोघंच उरलो. मुलगा रोज मागं लागायचा, "आई, आता इकडं ये." मी म्हणायची, "येते, पण कासवाला घेऊन. त्याला सोडून मी कुठंही येणार नाही." नवरा देगलूरला बँकेत होता तेव्हा तिथल्या आठवडी बाजारातून त्यानं ते आणलं होतं. एका बाईच्या टोपलीत पंधरा-वीस कासवं एकावर एक रचलेली होती म्हणे, त्याला बघवलं नाही. तळहातावर मावेल एवढंसं, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. मुलगा तेव्हा पाचवीत होता. शाळेतून आला की दप्तर फेकायचा आणि विचारायचा, "खाल्लं का त्यानं?" आज बत्तीस वर्षांचा घोडा झालाय, तरी फोनवर माझी तब्येत नंतर, आधी तेच. मी सांगायची, "हाव, दुधात कुस्करलेली अर्धी चपाती. लई आवडीनं."

एकदा ते मोरीतून निसटून पार गटारापर्यंत गेलं. मग नवऱ्यानं त्याच्या पाठीच्या कडेला गिरमिटानं भोक पाडलं आणि त्यात नायलॉनची दोरी ओवली. गिरमिट नांदेडच्या दिराचं, त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. कासव मी धरलं होतं. त्यानं फुस्स करून डोकं आत ओढलं आणि आम्ही तिघंही हसलो होतो.

असो. मुलानं चौकशी केली आणि कळवलं की कासवाला तुमच्याकडच्या वनखात्याचा निर्यात परवाना लागतो, इकडचा आयात परवाना लागतो, आणि ते कुठून आलं त्याचा पुरावा लागतो. पुरावा म्हटल्यावर मला हायसंच वाटलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला माझा. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आणि आता पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचासुद्धा दाखला देते. कासवाचा दाखला म्हणजे काय मोठं! सरळ उठले आणि आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाकडं गेले.

त्यानं जराही हसू न आणता लेटरहेड काढलं. त्याच्या माणसानं टाईप केलं: "सदर कासव हे मागील बावीस वर्षांपासून वरील पत्त्यावर कायमस्वरूपी वास्तव्यास असून माझ्या चांगल्या परिचयाचे आहे. त्याची वर्तणूक चांगली आहे." खाली सही, गोल शिक्का. साक्षीदार म्हणून शेजारच्या दोघींच्या सह्या मीच घेतल्या, आणि पावसात भिजू नये म्हणून कागद लॅमिनेट करून आणला. इतका पक्का कागद माझ्या लग्नाचासुद्धा नाही.

पण नगरसेवकाच्या ऑफिसात दिवसभर दहा रिकामटेकडे बसलेले असतात. बातमी फुटली. आणि तिसऱ्या दिवसापासून माझ्या दारात माणसं यायला लागली, नखं मोजायला.

हो, नखं! कासवाच्या चारी पायांना मिळून वीस नखं असली की त्याची पूजा मांडून पैशाचा पाऊस पाडता येतो, असं मानणारी माणसं आपल्याकडं ढिगानं आहेत. मला वाटायचं, असतील कुठं आडरानात. पहिला आला तो माझाच जुना विद्यार्थी, आता लातुरात क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. फिजिक्स! "मॅडम, सहज आलो," म्हणत सोफ्यावर बसला, पोहे खाल्ले, आणि कासवाला उचलून तव्यावरच्या पोळीसारखं उलटं टाकलं. त्याच्या करंगळीचं नख दीड इंच वाढवलेलं, कडेला गुटख्याचा तपकिरी थर. त्या नखानं तो कासवाची नखं मोजत होता. मोजून झाल्यावर माझ्याकडं असं बघितलं जसं मीच त्याला फसवलं. "अठराच हायत, मॅडम." आणि हात न धुता पुन्हा पोह्यात घातला. शी! तो गेल्यावर ती बशी मी धुतली नाही, टाकून दिली.

त्याच्यानंतर दोन बायका आल्या, त्यांनी पाठीवर हळद-कुंकू वाहिलं. एक इस्टेट एजंट आला. एक निवृत्त तलाठी आला, तो चष्मा विसरला म्हणून मलाच मोजायला सांगत होता. मी म्हणलं, "तुमची मोजू का? वीस भरतील." उठून गेला. अठरा आहेत हे कळल्यावर माझी सुटका होईल असं वाटलं होतं, आणि मग खरंच चार-पाच दिवस कुणी आलं नाही.

तेवढ्यात व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मला मुंबईला जावं लागलं. कासव कुठं ठेवायचं? नांदेडला दिराकडं नेऊन ठेवलं. दीर म्हणाला, "वैनी, बिनघोर जावा. घरचंच जनावर हाय."

पाच दिवसांनी परत आले ती थेट त्याच्या दुकानात. मागच्या खोलीत, पाईपांच्या ढिगाशेजारी, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये कासव होतं. पाठीवर हळद, उदबत्तीची राख, शेजारी कापलेलं लिंबू. मागचे दोन्ही पाय चिंधीनं बांधलेले. मला वाटलं लागलंय काही, म्हणून सोडायला गेले, तर नाकात पाईप जोडायच्या गोंदाचा वास घुसला. मागच्या प्रत्येक पायाला चाराच्या जागी पाच नखं. पाचवं काळं, वाकडं, उलट्या दिशेनं वळलेलं. त्याच्या मुळाशी कातडी पांढरी पडून सुजली होती.

"भाऊजी, हे काय हाय?"

"वैनी, रागावू नका. गिऱ्हाईक लई मोठं हाय. सांजच्याला येऊन राहिलंय. तसाबी तुमाला परवाना कोण देतंय?"

"ही नखं कशाची?"

"दुसऱ्या कासवाची."

"ते कुठं हाय?"

त्यानं माझ्या जावेकडं बघितलं. जावेनं माझ्यापुढं चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "घ्या वैनी, आल्याचा केलाय." मी तशीच उठून बाहेर आले. दुकानाच्या पायरीवर बसून मी भडाभडा ओकले. आणि माझा सख्खा दीर, ज्याच्या पोरींच्या लग्नात मी पंधरा-पंधरा दिवस राबले, तो काय म्हणाला? "वैनी, जरा बाजूला व्हा, गिऱ्हाईक यायचा टाइम हाय." थू त्याच्या जिनगानीवर. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण समोरच्या दुकानातली माणसं काम सोडून बघत उभी राहिली होती.

कासव पदरात घेतलं, रिक्षा केली आणि तडक वनखात्याच्या ऑफिसात गेले. पर्समध्ये दाखला होताच. डोक्यात एवढंच होतं की आजच्या आज परवान्याचा अर्ज द्यायचा, आणि दिराची तक्रारही तिथंच करायची.

तिथली अधिकारी माझ्या मुलाच्या वयाची पोरगी. तिनं दाखला दोनदा वाचला. मला वाटलं, प्रभावित झाली.

"मॅडम, हे तुम्ही स्वतः लिहून घेतलंत?"

"हाव. सही-शिक्क्यासकट. बावीस वर्षांचा पुरावा हाय."

"हे कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. विकत घेणं गुन्हा आहे. याला परदेशी न्यायचा परवाना कुणालाच मिळत नाही. आणि तुम्ही बावीस वर्षं गुन्हा केल्याचं शिक्क्यासकट आणून दिलंय."

मी भांडले. म्हणलं, गुन्हा तो माझ्या दिराचा, त्यानं बघा काय केलंय, मी तर पोटच्या पोरासारखं सांभाळलंय. तिनं मला पाणी दिलं. म्हणाली, "त्यांचं बघतो आम्ही. पण हे कासव आता तुम्हाला परत देता येणार नाही. तुम्ही स्वतःहून आणून दिलं असं मी लिहिते, म्हणजे तुम्हाला त्रास होणार नाही." मी सही केली.

आवारातच त्यांचे जनावरांचे डॉक्टर होते, उतारवयाचे, कमी बोलणारे. त्यांनी कसलंसं औषध लावून लावून अर्ध्या तासात ती दोन नखं सोडवली. मी शेजारी उभी राहून दिराच्या नावानं बोटं मोडत होते. किती नीच माणूस, मुक्या जिवाला गोंद लावतो, जरा लाज नाही. डॉक्टर ऐकत होते. मग त्यांनी कासवाच्या पाठीवर बोट टेकवलं.

"ही टेंगळं कशी आली?"

"तसंच असतं ना हे? जातच तशी हाय."

"नसतं. पाठ अशी नसते याची. काय घालत होता खायला?"

मी सांगितलं. लई आवडीनं खातं, हेही सांगितलं. ते म्हणाले, "दूध पचत नाही याला. चपाती याचं अन्न नाही. दुसरं काही पुढ्यात नसलं तर काय करेल? हाडं वाकडी झालीत सगळी." मग त्यांचं बोट कडेच्या भोकापाशी आलं. नायलॉनची दोरी अजून तशीच होती. "आणि हे?"

"ते गटारात गेलं होतं, म्हणून," मी म्हणलं.

"पाठ म्हणजे डबा नव्हे, मॅडम. याच्या बरगड्या आहेत त्या. जिवंत हाड. आपल्याला शुद्धीत धरून ठेवून कुणी बरगडीत गिरमिट घातलं तर?"

कवच हा कासवाच्या हाडांच्या सांगाड्याचाच भाग असतो. हे वाक्य मी वर्गात किती वर्षं फळ्यावर लिहिलं असेल! पोरांकडून पाठ करून घेतलंय, चुकलं तर छड्याही मारल्यात. आणि घरी येऊन त्याच हातांनी ते घट्ट धरलं होतं. त्यानं फुस्स केलं होतं आणि आम्ही हसलो होतो. त्या क्षणी मला माझ्या हातांची जी शिसारी आली, तशी त्या गुटख्याच्या नखाचीसुद्धा आली नव्हती.

डॉक्टरांनी दोरी कापली आणि कासवाला मागच्या कुंपणात मातीवर सोडलं. पुढ्यात गवत टाकलं, जास्वंदीची पानं टाकली, काटे काढलेला निवडुंगाचा तुकडा ठेवला. माझ्याकडं डबा होता. मुंबईहून येताना वाटेत दूध घेऊन मी त्याच्यासाठी अर्धी चपाती भिजवून ठेवली होती. कुंपणाच्या जाळीतून हात घालून मी ती त्याच्या तोंडापुढं धरली. ते माझ्या बोटांवर पाय देऊन पुढं गेलं आणि निवडुंगाला भिडलं. हिरवा रस तोंडावरून ओघळत होता. मान ताणून, डोळे मिटून, एकेक लचका तोडत होतं. त्याला इतकं भरभर खाताना मी कधीच बघितलं नव्हतं. घरी एक घास चघळायला त्याला पाच मिनिटं लागायची, आणि मी शेजारणींना कौतुकानं सांगायची, किती सावकाश खातं बघा.

नांदेडच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत बसले. डबा उघडून चपाती कुत्र्याला टाकली. व्हिसा आला तर मी एकटीच जाईन. हट्ट धरायला आता मला तोंड राहिलं नाही.

फोन वाजला. मुलगा होता.

"आई, खाल्लं का त्यानं?"

"हाव," मी म्हणलं. "आज खाल्लं."