पंच नंबर दोन

नांदेडात रेणुकादास मास्तरांचा खून झाला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि प्राथमिक शाळेत पोरांना उर्दू शिकवत होतो. साल एकोणीसशे अडतीस. खुनी आजतागायत सापडलेला नाही. पण मी हे खुन्याबद्दल लिहीत नाही. त्या खुनाशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता आणि तरी ज्यांच्या नावाने आम्ही गावाने मरेपर्यंत तोंड चालवलं, त्या अण्णारावांबद्दल लिहितोय. आम्ही म्हणजे मीही आलो त्यात.

अण्णाराव मूळचे लोह्याकडचे. जमीन भावांकडे ठेवून तरुणपणीच ते नांदेडला आले आणि गाडीपुऱ्यात पुस्तकं बांधायला बसले. नांदेड म्हणजे शिकायला यायचं गाव. अहमदपूर, चाकूर, देगलूर, कुठकुठली पोरं येऊन बोर्डिंगात राहायची आणि त्यांची फाटकी पुस्तकं अण्णारावांकडे यायची. खळीत मोरचूद घालून ते असं पुस्तक बांधायचे की त्याला कसर म्हणून लागायची नाही. शाळेची भाषा उर्दू, कचेरीची भाषा उर्दू, आणि अण्णारावांना उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. पुस्तक कुठल्या अंगाला शिवायचं एवढं कळत होतं, धंद्याला तेवढं पुरायचं. माणूस भारी भिडस्त. शिपाई दिसला तरी हातातलं काम टाकून उभे राहायचे. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

मास्तर गणित शिकवत, एकटे राहत. मार्गशीर्षातल्या एका सकाळी बोर्डिंगामागे नदीकडच्या झुडपात त्यांचं प्रेत सापडलं. डोकं ठेचलेलं. जवळ वहाणांचा एक जोड पडला होता. पोलिसांचे अमीनसाहेब आले, त्यांना दोन पंच हवे होते. रस्त्यावरून एक फुलारी धरून आणला आणि पुस्तकांचं गाठोडं घेऊन बोर्डिंगात आलेले अण्णाराव आयतेच सापडले. कारकुनाने उर्दूत पंचनामा लिहिला. अण्णारावांनी खाली मोडीत सही केली, घरी येऊन दोनदा आंघोळ केली आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

मग गाव बोलायला लागलं. कुणी म्हणे बाईची भानगड, कुणी म्हणे मास्तर चोरून सरकारविरुद्ध पत्रकं वाटायचे, कुणी म्हणे पुरलेलं सोनं. चहाच्या हॉटेलात रोज नवा खुनी तयार व्हायचा. चारच दिवसांत कचेरीतून बातमी फुटली, की दुसऱ्या पंचाने, म्हणजे अण्णारावांनी, वहाणा ओळखल्या, बोर्डिंगातल्या विरूपाक्षाच्या आहेत म्हणून सांगितलं. विरूपाक्ष देगलूरकडचा, सतरा वर्षांचा. गणितात नापास झाला होता आणि भर वर्गात मास्तरांना उलटून बोलला होता. आमचं कोडं एकदम सुटलं. मी स्वतः त्या हॉटेलात बसून म्हणालो होतो, की मला आधीपासून त्या पोराच्या डोळ्यांत काहीतरी दिसत होतं. काय दिसत होतं? काही नाही. मी त्याला धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

पोराला ठाण्यात नेलं. दोन महिने मारलं. बाकी काही पुरावा मिळेना म्हणून सोडलं, पण शाळेने नाव कमी केलं. लातूरच्या शाळेत गेला तर त्याच्याआधी त्याची कीर्ती तिथे पोचलेली. तो गावाकडे परत गेला आणि घराबाहेर पडेनासा झाला.

अण्णाराव मात्र जो येईल त्याला सांगत, "मी तोंडसुद्धा उघडलं न्हाई हो. सही कर म्हणले, केली." लोक माना हलवत आणि बाहेर येऊन हसत.

एक दिवस विरूपाक्षाची आई, कमलम्मा, देगलूरहून आली आणि थेट त्यांच्या दुकानात शिरली. मी तिथेच होतो, शाळेचं हजेरीपुस्तक बांधायला दिलं होतं.

"माझ्या लेकराच्या वहाणा तुम्ही कवा बघितल्या?" तिने विचारलं.

"न्हाई बघितल्या, बाई."

"मंग कागदावर कशा आल्या?"

"मी बोललो न्हाई. माझ्या लेकीबाळींची शपथ."

"कागदात काय हाय ते तरी सांगा. सही तुमची हाय ना?"

आपण कशावर सही केली हे अण्णारावांना सांगता येत नव्हतं. "देव बघतो, अप्पा," एवढं कमलम्मा म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी अण्णाराव माझ्या घरी आले. "गुरुजी, मला उर्दू शिकवा."

मी म्हणालो, कशाला एवढा खटाटोप? पंचनाम्याची नक्कल काढू, मी वाचून दाखवतो.

"न्हाई. दुसऱ्याच्या भरवशावर सही केली म्हणून तर हे झालं. आता माझं मी वाचणार."

पंचेचाळिशीचा माणूस रोज दुपारी पाटी घेऊन शाळेच्या ओसरीत येऊन बसू लागला. पोरं खिदळायची. अलिफ, बे पासून सुरुवात. छापील वाचता येऊ लागलं तेव्हा म्हणाले, आता कचेरीचं घाईत लिहिलेलं घसटं अक्षर शिकवा. दीड वर्ष लागलं. त्यांची बायको चतुराबाई वैतागून गेली होती. "पोर सुटून आलं, आता कागद वाचून काय करून राहिले तुम्ही?" असं ती माझ्यादेखत त्यांना विचारायची. मला मात्र हळूहळू त्यांच्याबद्दल आदर वाटू लागला होता आणि स्वतःबद्दल तितकाच कमी.

नक्कल आली. दुकानात बसून ओळीवर बोट ठेवत ते वाचू लागले. प्रेताचं वर्णन, जखमा, झुडपं. मग वहाणा आल्या. बोट थांबलं. मी वाकून पाहिलं. पंच नंबर दोन याला विचारलं असता, सदर वहाणा विद्यार्थी विरूपाक्ष याच्याच आहेत असं त्याने कबूल केलं, असा मजकूर होता.

"सरळ सरळ खोटं लिहिलंय," मी म्हणालो.

अण्णारावांनी त्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाले, "खोटं न्हाई, गुरुजी. अमीनसाहेब कारकुनाला सांगत होते, मधी मधी माझ्याकडं बघून 'क्यूं?' म्हणायचे, म्हंजी 'बरोबर हाय ना?' मी 'जी हुजूर' म्हणायचो. चार-पाच बार म्हणलो. समोर ते डोस्कं फुटलेलं, ध्यान कुठं होतं माझं? पण म्हणलो."

'जी' म्हणणं हे त्यांच्या लेखी बोलणंच नव्हतं. आमच्यापैकी कुणाच्याच लेखी नव्हतं. हाकिमापुढे गेलं की श्वासासारखं ते तोंडातून यायचं. दीड-दोन वर्षं हा माणूस शपथेवर सांगत होता की मी तोंड उघडलं नाही, आणि ते त्याला खरंच वाटत होतं. ते रडले.

दुसऱ्या दिवशी ते कमलम्माच्या गावी गेले. कागद वाचून दाखवला, 'जी'चंही सांगितलं. मी बरोबर होतो. विरूपाक्ष आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. कमलम्मा शिव्या देईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपेग? गावाला सांगा."

चतुराबाई पाया पडली त्यांच्या, की गावात सांगू नका, पोरीची सोयरीक जुळून राहिली आहे. त्यांनी ऐकलं नाही. बाजाराच्या दिवशी त्या हॉटेलासमोर उभे राहून त्यांनी कागद आधी उर्दूत वाचला, मग मराठीत सांगितला. "पोराच्या वहाणा मी जन्मात बघितल्या न्हाईत. भिऊन जी म्हणलो. पोराचा काही गुन्हा न्हाई." शिपाई दिसला तरी काम टाकून उठणारा भित्रा माणूस, आणि त्याचा आवाज शेवटपर्यंत कापला नाही. मला त्यांचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा नंतर कुणाचाच वाटला नाही.

लोक शांत ऐकत होते. दुपार टळायच्या आत हॉटेलात पहिला प्रश्न निघाला. भिऊन म्हणजे? भ्यायला काय झालं होतं? दुसरा म्हणाला, त्या सकाळी हा बोर्डिंगात गेलाच कशाला? तिसऱ्याला आठवलं की मास्तरांचीही पुस्तकं याच्याकडेच असायची. आणि उर्दू का शिकला, तर कागदात आपलं नाव कुठे कुठे आलंय ते बघायला! आठवड्याभरात विरूपाक्ष निर्दोष झाला आणि अण्णारावांनी मास्तरांना का मारलं याची चार कारणं गावात फिरू लागली.

शाळेने पुस्तकं बांधायला देणं बंद केलं. सोयरीक मोडली. मी चिडून त्यांना म्हणालो, "लोक असे उलटतील हे तुमच्या ध्यानात आलं नाही का?"

"आलं की. कुणाचं तरी नाव लागतंय त्यांना, त्याबिगर चैन न्हाई. मंग माझं असू द्या. पोराला अजून समदं आयुष्य काढायचंय."

पुढच्या जूनमध्ये विरूपाक्षाला लातूरच्या शाळेने घेतलं. तो शिकला, तिथेच मास्तर झाला. अण्णाराव सात वर्षं वह्यांचे पुठ्ठे चिकटवून जगले आणि पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी तापाने गेले. तिरडीला चार खांदे जमवताना माझी दमछाक झाली.

दहाव्याला विरूपाक्ष लातूरहून आला. मला फार बरं वाटलं. चतुराबाई आत बायकांत बसली होती, आम्ही दोघे ओसरीवर. थोडा वेळ मोठ्या आवाजात इकडचं तिकडचं झाल्यावर तो माझ्या जवळ सरकला.

"गुरुजी, तुम्ही त्यांच्या जवळचे म्हणून विचारतो. मनात राहून गेलंय. नुसत्या भीतीनं कुणी पाच वेळा जी म्हणतं का? खरं काय होतं?"

ठाण्यातल्या मारापासून त्याला ऐकू कमी यायचं. उत्तर द्यायचं तर ओरडून द्यावं लागलं असतं आणि ते आत चतुराबाईला ऐकू गेलं असतं. मी गप्प बसलो.

विरूपाक्षाने माझ्याकडे पाहिलं, सावकाश मान हलवली आणि म्हणाला, "समजलो."