न सारवलेला कोपरा

हिंडलग्यात आमच्या शेजारी राहणारे आप्पा पूर्वी वडगावात साड्या विणायचे. आता घरापुढच्या अंगणात त्यांना मधमाश्या आणि फुलपाखरांसाठी फुलझाडं लावायची आहेत. वर्ष होत आलं, अजून एकही रोप लागलेलं नाही. रोज खुर्ची घेऊन ते अंगणाच्या वेगळ्या बाजूला बसतात. ऊन कुठवर येतं, पाणी कुठे तुंबतं, ते बघतात. विचारलं की म्हणतात, "आदी हितं कोण ऱ्हातंय ते तर बघूया."

भिंतीकडेच्या उघड्या मातीत त्यांना बारीक बिळं दिसली. त्यांतून लहान काळ्या मधमाश्या ये-जा करत होत्या. अंगण सारवलं की ती बिळं बुजणार होती आणि पाडवा दुसऱ्या दिवशीच होता.

"सणाला कोपरा सोडून सारवत्यात व्हय?" त्यांच्या बायको, आक्का म्हणाल्या. "शेजारी काय म्हणतील?"

"शेजारी हितंच उभारल्यात. इचार की."

आप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

पाडव्याला सकाळी आक्का शेणाची बादली घेऊन बाहेर आल्या, तेव्हा आप्पा उकिडवे बसून रांगोळी घालत होते. बिळांच्या कोपऱ्याभोवती त्यांनी साडीचा काठ काढला होता. घातलेल्या रांगोळीवर आक्का शेण फिरवणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

आक्कांनी वाकून काठ पाहिला.

"हितं काठ चुकलाय बघा," असं म्हणत त्यांनी बादली खाली ठेवली आणि रांगोळीची चिमूट उचलली.