टिकारामजींची शिट्टी आणि प्लास्टिकचं गवत

टिकारामजी लांजेवार फुटबॉल कधीच चांगले खेळले नाहीत, हे आधी सांगून टाकलेलं बरं. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासमोर कोणी बोलत नाही इतकंच. तरुणपणी ते चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत काही वर्षं कामाला होते. तिथल्या वसाहतीच्या मैदानावर सुट्टीच्या दिवशी एका पाळीचे कामगार दुसऱ्या पाळीशी फुटबॉल खेळत. टिकारामजींनी दोन्हीकडून खेळून पाहिलं. ज्या बाजूला ते असत ती बाजू हरत असे. शेवटी दोन्ही पाळ्यांनी एकमताने त्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि त्यांना रेफरी केलं. टिकारामजी ही बढती समजले, आणि आजही तसंच समजतात.

वडील गेल्यावर खाण सोडून ते गावी परतले. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, नाकाडोंगरीच्या वाटेवर. वर तलाव, खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. टिकारामजींसोबत शिट्टीही गावात आली. तलावाचं पाणी सोडायच्या दिवसांत एकाची पाळी संपून दुसऱ्याची सुरू झाली की ते तलावाच्या बांधावर उभे राहून शिट्टी मारत. लोकांनी हे मुकाट्याने मान्य केलं, कारण पाण्यावरून भांडण्यापेक्षा शिट्टी ऐकणं सोपं होतं. धान निघाल्यावर रिकाम्या बांधीत ते गावातल्या पोरापोरींचे सामने लावत. बांधीच्या कडेच्या धुऱ्यापलीकडे चेंडू गेला की आउट. त्यांची एकच तक्रार असायची, की गावाला एक धड मैदान नाही.

मग अचानक स्टेडियमच आलं. गावाने मागितली होती व्यायामशाळा. पण त्या वर्षी कुठल्याशा योजनेत फुटबॉल बसत होता, म्हणून गायरानात फुटबॉलचं स्टेडियम उभं राहिलं. त्याचं भूमिपूजन दोन पक्षांच्या दोन पुढाऱ्यांनी दोनदा केलं. दोघांच्या कोनशिला फाटकाच्या दोन बाजूंना आहेत आणि बाहेरगावचा माणूस त्यांनाच गोलपोस्ट समजतो. आत एका बाजूला पत्र्याचं छत असलेली लांबच लांब गॅलरी, चार कोपऱ्यांना दिव्यांचे उंच मनोरे, कडेने धावायचा ट्रॅक, आणि मधे हिरवंगार प्लास्टिकचं गवत. ते पाहायला आजूबाजूच्या खेड्यांतून लोक आले. बकऱ्याही आल्या, हुंगून परत गेल्या. टिकारामजींच्या पत्नी आनंदाबाई म्हणाल्या, गाय तोंड लावत नाही, त्याले गवत कायले म्हणावं?

सरपंच ललिताबाईंनी किल्ली टिकारामजींकडे दिली. बिनपगारी काम होतं, आणि तसेही ते दिवसभर फाटकाशीच बसलेले असत.

पण फुटबॉल काही सुरू होईना. बाकी सगळं सुरू झालं. पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारे ट्रॅकवर धावू लागले. त्यांच्यामागून गावातल्या बाया चालू लागल्या, आणि त्या चालण्यातून इतक्या बातम्या पसरल्या की पेपरवाल्याचा एक पेपर कमी झाला. एका पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर मधल्या वर्तुळात उतरलं. त्याच्या वाऱ्याने गोलची जाळी निघाली, ती महिनाभराने कोणाच्यातरी वांग्याच्या वाडीवर सापडली. मग लग्नं होऊ लागली. मंडपवाला गवतात खुंट्या ठोकायला निघाला तेव्हा टिकारामजी मधे उभे राहिले आणि खिशातून पिवळं कार्ड काढलं. जुन्या लग्नपत्रिकेतून त्यांनी ते स्वतः कापलं होतं, मागे 'चि. सौ. कां.' एवढी अक्षरं शिल्लक होती. त्या दिवशी नवरदेवापेक्षा टिकारामजींचे फोटो जास्त निघाले. खुंट्या मात्र शेवटी ट्रॅकबाहेर ठोकल्या गेल्या.

सर्वांत मोठा तंटा धानाचा. ट्रॅक सपाट, ऊन भरपूर, त्यामुळे हंगामात मधुकररावांनी आपलं सगळं धान तिथे वाळत घातलं. टिकारामजींनी त्यांना इतक्या शिट्ट्या मारल्या की मधुकररावांचे बैल बिथरले, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं. दुसऱ्याच दिवशी पेनल्टीच्या डागावर एक जुनेर पसरलेलं आणि त्यावर वड्या वाळत घातलेल्या दिसल्या. टिकारामजींनी तपास केला. वड्या आनंदाबाईंच्या होत्या. नियम सर्वांना सारखा, म्हणून त्यांनी घरी जाऊन बायकोला लाल कार्ड दाखवलं. त्यानंतर बरेच दिवस ते चहा प्यायला टपरीवर जात होते.

गेल्या दिवाळीनंतर मात्र खरोखरचा फुटबॉल ठरला. पंचक्रोशीतल्या मुलींच्या संघांचे सामने शाळाशाळांत झाले, आणि अंतिम सामना आमच्या स्टेडियममध्ये ठेवला: आमचं गाव विरुद्ध चिखला. आमच्या संघाची गोलकीपर टिकारामजींची नात, शुभांगी. रेफरी भंडाऱ्याहून येणार होते. टिकारामजींचं वय पाहून आयोजकांनी त्यांना मंचावर बसवून शाल द्यायचं ठरवलं. त्यांनी शालीला होकार दिला, पण मान जरा वाकडी करूनच. तरी आठवडाभर ते स्वतः रेघा आखत होते, गॅलरी धुऊन घेत होते, आणि पायऱ्यांवर चपला घालून चढणाऱ्यांना खाली उतरवत होते.

सामन्याच्या आदल्या दुपारी आभाळ फाटल्यासारखा अवकाळी पाऊस आला. धान नुकतंच चुरून, म्हणजे मळून झालं होतं. घराघरासमोर, रस्त्याकडेला, खरेदी केंद्राच्या उघड्या आवारात धानाच्या पोत्यांच्या, कट्ट्यांच्या, थप्प्या लागल्या होत्या. ताडपत्र्या पुरेनात. अख्ख्या गावात एवढ्या धानाला पुरेल असं छत एकच होतं. लोक स्टेडियमच्या फाटकाशी जमले. ललिताबाई परवानगीसाठी तालुक्याच्या साहेबांना फोन लावत होत्या, तो लागत नव्हता. जमलेल्यांत मधुकररावही होते. टिकारामजींकडे पाहून नुसते भिजत उभे राहिले.

टिकारामजींनी एकदा धुतलेल्या गॅलरीकडे पाहिलं, एकदा मधुकररावांकडे. मग कुलूप काढलं.

"चपला काढल्या तरी चालते, नाही काढल्या तरी चालते," ते म्हणाले. "धान आधी आत घ्या."

संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर, बैलबंड्या, सायकली, डोकी, ज्याला जे जमेल त्याने कट्टे आत आणले. गॅलरी वरपासून खालपर्यंत भरली. मधुकररावांच्या कट्ट्याचं दुसरं टोक टिकारामजींनी धरलं आणि पायरीवर घसरून बसले. मधुकररावांनी हात देऊन उठवलं, आणि दोघांचं बोलणं पुन्हा सुरू झालं, तेही कट्टा नीट कसा धरावा यावरच्या भांडणाने.

सकाळी लख्ख ऊन पडलं. प्लास्टिकच्या गवताने पाणी गिळून टाकलं होतं. त्या गवताची पहिल्यांदाच कोणीतरी तारीफ केली. प्रेक्षकांना बसायला जागा नव्हती, म्हणून बाया धानाच्या कट्ट्यांवर बसल्या आणि माणसं ट्रॅकच्या कडेने उभी राहिली. एवढ्यात निरोप आला की वाटेत झाड पडल्यामुळे भंडाऱ्याचे रेफरी अडकले आहेत. आयोजकांनी इकडेतिकडे पाहिलं. टिकारामजींनी शाल घडी करून आनंदाबाईंच्या हातात दिली आणि ते मैदानात उतरले.

पळणं त्यांना जमणार नव्हतं. ते मधल्या वर्तुळात उभे राहून चेंडू जाईल तसे फिरत राहिले. तरी सामना रंगला. चिखल्याच्या मुली चपळ, आमच्या मुली चिवट, आणि शुभांगीने दोन चेंडू असे अडवले की कट्ट्यांवरून बाया उठून उभ्या राहिल्या. गोल कोणाचाच झाला नव्हता. सामना संपत आला तेव्हा आमच्या अंजूने गडबडीत चेंडू पायाने मागे शुभांगीकडे ढकलला आणि शुभांगीने तो हातांनी उचलला.

चिखल्याचे प्रशिक्षक प्रविण धावत आत आले. हा फाऊल आहे, म्हणाले. टिकारामजींना काही कळेना. गोलकीपरने हात लावायचा नाही तर काय लावायचं, असं त्यांनी विचारलं. प्रविणने समजावलं की आपल्याच खेळाडूने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येत नाही, नियम बदलला आहे.

"कधी बदलला?"

"काका, माझ्या जन्माच्या आधी."

ट्रॅकच्या कडेने आमच्या लोकांचा गलका झाला. चिखल्यावाल्यांचं ऐकू नका, खेळ पुढे चालू द्या. टिकारामजी हळूहळू चालत गोलपर्यंत गेले. शुभांगी चेंडू पोटाशी धरून उभी होती.

"शुभे, हा खरं बोलून राहिला का?"

तिने नाही म्हटलं असतं तर त्या मैदानावर कोणी काही करू शकलं नसतं. तिने आधी अंजूकडे पाहिलं, मग आजोबांकडे.

"हो आबाजी. माह्याच ध्यानात नाही राह्यलं."

टिकारामजींनी शिट्टी मारली. चिखल्याला फ्री किक मिळाली. एकीने चेंडू हलकेच सरकवला, दुसरीने मारला, आणि तो शुभांगीच्या हाताखालून जाळीत गेला. आम्ही सामना हरलो.

दोन दिवस गाव टिकारामजींवर रुसलं. फार चिडायचीही सोय नव्हती, कारण ज्याचं त्याचं धान त्यांनीच उघडलेल्या छताखाली कोरडं होतं. आनंदाबाईंनी त्या संध्याकाळी आजोबा आणि नात दोघांना समोर बसवून चहा दिला आणि म्हणाल्या, "दोघंही हरून आले, पन तोंड असं करून बसले जसे चोरी करून आले. चोरी तं केली नाही ना?" शुभांगीला आधी रडू आलं, मग हसू.

टिकारामजींना मात्र वेगळाच घोर लागला. आणखी कोणकोणते नियम आपल्या पाठीमागे बदलले, हे त्यांना कळायला हवं होतं. शुभांगी रोज मोबाईलवर एकेक दाखवू लागली. बरेचसे त्यांनी मान्य केले. ऑफसाइडचा त्यांना अजूनही पटत नाही, पण त्यावर ते निदान ऐकून घेतात.

गॅलरीतलं धान हळूहळू केंद्रावर गेलं. आता रविवारी सकाळी मुली खेळतात, आणि लग्नवाले मुलींना विचारून तारीख धरतात. उन्हाळ्यात भंडाऱ्याजवळ महामार्गावरच्या शहापूरला रेफरींचं शिबिर भरलं, तिथे शुभांगीने आजोबांचं नाव टाकलं. एकापेक्षा एक तरण्या मुलांमध्ये टिकारामजी मांडी घालून बसले आणि लेखी परीक्षा पास होऊन आले. पळण्याच्या परीक्षेत नापास झाले. गावात कोणी विचारलं की ते लेखीचा निकाल सविस्तर सांगतात, आणि पळण्याचा अजून यायचा आहे म्हणतात.