अनुमोदक : कु. शलाका गायकवाड

आमच्या कॉलेजच्या गुणवंत विद्यार्थी मंडळात प्रत्येक सभेचं इतिवृत्त लिहितात. कोण आलं, कोणी काय मांडलं, सभा किती वाजता संपली, सगळं. वर्षअखेरीला वही भरते, आणि वाचायला घेतली की लक्षात येतं, सांगण्यासारखं त्यात काहीच नाही. ते सगळं कँटीनमध्ये साठलेलं असतं. यंदा इतकं साठलं की नव्या मुलांना आम्ही नियमावलीच्या आधी किस्सेच सांगतो. नियम त्यातून आपोआप कळतात.

बहुतेक किस्स्यांत मी आहे. हौस म्हणून नव्हे, मी दचकते म्हणून.

*

मला दचकायला काहीही पुरतं. कुकरची शिट्टी, मागून आलेल्या रिक्षाचा हॉर्न, कोणी नुसतं हळूच "शलाका" म्हटलं तरी. आणि दचकले की माझ्या तोंडून मोठ्यांदा "हो!" निघतं. लहानपणी मला पुस्तक देऊन बाबा मध्येच दारातून विचारायचे, "वाचतेयस ना?" बहुधा तेव्हापासूनचं.

तर माझी पहिलीच सभा. अध्यक्ष तन्मय, तिसऱ्या वर्षाचा, मंडळाची घटना तोंडपाठ. तो समजावत होता की प्रत्येक प्रस्तावाला एक सूचक लागतो, म्हणजे मांडणारा, आणि एक अनुमोदक, म्हणजे त्याला पाठिंबा देणारा. तीनदा विचारूनही अनुमोदक मिळाला नाही, तर प्रस्ताव मतदानापर्यंत जातच नाही. जागच्या जागी पडतो.

मग उदाहरण म्हणून की काय, त्याने एक प्रस्ताव वाचला. सभा दर शनिवारी सकाळी साडेसातला भरावी. "अनुमोदन?"

शनिवारी साडेसातला कोण देतंय अनुमोदन! तेवढ्यात मागची कुजबुज थांबवायला आमच्या मार्गदर्शक करमरकर मॅडमनी टेबलावर डस्टर आपटलं.

"हो!"

सचिव ओंकार माझ्याच वर्गातला, पण वहीपुढे तो कोणाचा नसतो. त्याने लिहिलं, 'कु. शलाका गायकवाड यांनी तत्परतेने अनुमोदन दिले.' मतदानात पहिल्या वर्षाची मुलं सीनिअर्सकडे बघत हात वर करत गेली. प्रस्ताव मंजूर.

वर्षभर अख्खं मंडळ शनिवारी सकाळी माझ्या नावाने जांभया देत होतं.

*

त्याच सभेच्या सुरुवातीला तन्मय अध्यक्ष कसा झाला तेही सांगते. उमेदवार तो एकटाच. पण घटनेत गुप्त मतदान लिहिलंय म्हणजे गुप्त मतदान. चिठ्ठ्या वाटल्या, खोका फिरला, ओंकारने मोजणी केली. बावीस मतं बाजूने, एक विरोधात.

सगळे एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. मी काही केलेलं नसताना मलाच घाम फुटला.

शेवटी तन्मयनेच हात वर केला. "विरोधातलं मत माझं आहे. एकमताने आलो असतो तर निवडणूक झाल्यासारखी वाटली नसती."

करमरकर मॅडम म्हणाल्या, "बरं झालं. निदान एकाने तरी उमेदवाराला नीट ओळखून मत दिलं."

*

पदग्रहण समारंभ हा आमचा वर्षातला मोठा कार्यक्रम. नवे सदस्य हातात मेणबत्ती घेऊन ओळीने उभे राहतात, शपथ घेतात, पालक फोटो काढतात. बॅनरचं काम माझ्याकडे होतं. नारायण पेठेतल्या एका दुकानात मजकूर फोनवर सांगितला आणि कार्यक्रमाच्या सकाळी गुंडाळलेला बॅनर घेऊन आले. उलगडला थेट स्टेजवर.

'गुणवंत विद्यार्थी मंडळ – पाणिग्रहण समारंभ.'

खाली मेणबत्त्या घेतलेली अकरा मुलं-मुली, समोर पालक. एका काकूंनी शेजारणीला विचारलं, "एवढी सगळी एकदम?"

मी धावत दुकानात गेले. काकांनी चष्मा वर केला, बॅनर शांतपणे वाचला. "आमच्याकडे ग्रहण म्हटलं की लग्नाचंच असतं, सवयीने हात गेला. पण तुम्ही गुणवंत ना? मग प्रूफ वाचायचं होतंत."

*

पल्लवी मंडळात आली ती मुलाखतीतून. ती हडपसरच्या पलीकडून येते. तिच्या गावाला आता शहर म्हणतात, पण घरी अजून शेती आहे. मुलाखतीत तन्मयने ठरलेला प्रश्न विचारला, "तुमच्या नेतृत्वगुणाचं एक उदाहरण द्या."

आदल्या मुलाने अर्धा तास स्टार्टअपबद्दल सांगितलं होतं. पल्लवी दोन सेकंद विचार करून म्हणाली, "आमच्या भावकीत लग्न असलं की पंगती मी बसवते. तीनशे माणूस असतंय. कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाय, ते मला पाठ हाय."

मॅडम म्हणाल्या, "घ्या हिला. आपल्या सेमिनारला फार उपयोग होईल."

उपयोग वेगळीकडेच झाला. मी येरवड्याला राहते. ("आत की बाहेर?" हे विचारून झालंय सगळ्यांचं.) घराजवळच्या एका शाळेत मंडळाचा शनिवारचा गणिताचा वर्ग चालतो, सभा संपली की आम्ही तिकडे जातो. मी शिकवायला उभी राहिले की मुलं मुद्दाम बाक वाजवायची आणि माझ्या "हो"ची वाट बघायची. पल्लवीने पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या जागा बदलल्या. कोण कोणाच्या जोडीने बिघडतो ते तिला एका नजरेत कळलं. दिवाळीपर्यंत सहावीची चौदा मुलं अपूर्णांक करायला लागली, आणि त्यातल्या एकीने मला सांगितलं, "ताई, तुम्ही हजेरी घ्या. गणित पल्लवीताई घेतील."

*

फेब्रुवारीत वार्षिक व्याख्यान. विषय 'वेळेचं व्यवस्थापन'. पाहुणे दीड तास उशिरा आले. तोवर आम्ही स्वागतगीत दोनदा म्हटलं आणि तन्मयने घटनेची पहिली चार पानं वाचून दाखवली.

आभार मी मानायचे होते. माइक कर्कश किंचाळला, मी "हो!" म्हणून खाली बसले, आणि आभार मॅडमनी मानले. त्या एवढंच म्हणाल्या, "विषयाची निकड पाहुण्यांनी स्वतःच पटवून दिली, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत."

पाहुण्यांनी सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

*

आता शेवटची सभा.

घटनेचा नियम नऊ सांगतो, सरासरी पंच्याहत्तरच्या खाली गेली की सदस्यत्व संपतं. निकाल लागला आणि पल्लवीची सरासरी निघाली चौऱ्याहत्तर पूर्णांक दोन. परीक्षेच्या महिन्यात तिच्या आईचं ऑपरेशन झालं होतं, अर्धा अभ्यास तिने हॉस्पिटलच्या बाकावर बसून केला होता. आणि शाळेची परवानगी मंडळाच्या नावावर असल्यामुळे वर्ग फक्त सदस्यच घेऊ शकतात. म्हणजे सदस्यत्व गेलं की वर्गही गेला.

तिच्यासंबंधी चर्चा म्हणून नियमाप्रमाणे तिला बाहेर थांबावं लागलं. जाताना मला म्हणाली, "तू नको टेन्शन घेऊ. तुला आधीच पुष्कळ हाय."

ओंकारने वर्षात पहिल्यांदा पेन खाली ठेवलं आणि प्रस्ताव मांडला. घरात गंभीर आजारपण असेल, तर सदस्याला एका सत्राची सवलत मिळावी.

तन्मय म्हणाला, "अध्यक्ष म्हणून मला अनुमोदन देता येत नाही. मार्गदर्शकांनाही नाही. अनुमोदन?"

तिसऱ्या वर्षाच्या एकाने दर्जा घसरेल असं काहीतरी पुटपुटलं. बाकीचे वह्यांत बघायला लागले. मी तोंड उघडलं. आवाज येईना. वर्षभरात चौदा प्रस्ताव झाले, त्यातल्या नवांना माझं अनुमोदन. कॉलेजच्या झाडांना पाट्या लावायलासुद्धा मी ओरडून पाठिंबा दिलाय. आणि आज एक 'हो' निघेना.

"दुसऱ्यांदा विचारतो. अनुमोदन?"

खिडकी आपटली नाही. कोणाचा फोन वाजला नाही. बाहेर एरवी अखंड हॉर्न वाजवणारा रस्तासुद्धा त्या दिवशी सभ्य झाला होता.

"तिसऱ्यांदा आणि शेवटचं."

करमरकर मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग अगदी सावकाश, फळा पुसायला घ्यावं तसं, डस्टर उचललं. हात खांद्यापर्यंत वर गेला. ओंकारने ते पाहिलं, तन्मयने पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं, आणि घटनेत त्याविरुद्ध काहीही लिहिलेलं नव्हतं.

मी उभी राहिले.

"मॅडम, डस्टर ठेवा खाली. माझं अनुमोदन आहे."

आवाज इतका हळू होता की तन्मयने परत विचारलं. मी परत सांगितलं. ओंकारने पेन उचललं.

"'तत्परतेने' लिहू?"

"नको. 'विचारपूर्वक' लिही."

सोळा विरुद्ध सहा. प्रस्ताव मंजूर, याच सत्रापासून लागू.

मी पल्लवीला बोलवायला बाहेर पळाले. ती जिन्यात बसली होती. सहावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दोऱ्याने बांधून तयार, वर माझं नाव, आणि खाली चौदा मुलांच्या बसायच्या जागा, कोणाला कोणाशेजारी अजिबात बसवायचं नाही त्याच्या खुणांसकट. तिने गठ्ठा माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "हे कशाला? पास झाला प्रस्ताव."

तिने गठ्ठा परत घेतला नाही.

"खोटं बोलू नको शलाके. 'तिसऱ्यांदा' म्हणेपर्यंत दाराला कान लावून बसले होते मी. तुझं 'हो' कुठं ऐकू आलं?"