परिपाठाची बातमी

शाळेतल्या विषमतेवर मी बरीच वर्षं संशोधन करते आहे. परिषदांमध्ये बाहेरच्या देशांतले अभ्यासक वंशभेदावर बोलतात, मी जातीवर बोलते, आणि चहाच्या वेळी लक्षात येतं की मागच्या बाकांवर कोण बसतं याची गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. माझं काम म्हणजे वर्गात मागे बसायचं आणि वहीत रेघा ओढायच्या. प्रश्न कोणाला विचारला, फळा कोणाला पुसायला लावला. याला नोकरी म्हणतात हे माझ्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही.

मागच्या वर्षी बिबवेवाडीतल्या एका शाळेत सहावीच्या वर्गात बसत होते. तिथे सकाळच्या परिपाठात मैदानावर बातम्या वाचायचा मान ठरलेल्या चौघांचा, सगळे पहिल्या बाकावरचे. मागे एक मुलगी होती, घरचे विदर्भातून कामासाठी आलेले. ती रोज दप्तरात वर्तमानपत्राची घडी आणायची आणि तशीच परत न्यायची. एकदा तरी बातम्या वाचायला मिळाव्यात, एवढंच तिला हवं होतं. वर्गाच्या बाईंना विचारायचं धाडस होत नव्हतं, म्हणून मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली.

मी खूश झाले. वही उघडली, पेन सरसावलं आणि विचारलं, "आडनाव काय गं तुझं?"

या एका प्रश्नावर मी अख्खा लेख लिहिलेला आहे! आपल्याकडे आडनाव विचारणाऱ्याला खरं तर काय जाणून घ्यायचं असतं, ते त्यात पुराव्यानिशी मांडलंय. आणि इथे मी तिचं नावसुद्धा अजून विचारलं नव्हतं.

तिने घडी पाठीमागे नेली. "आडनाव कशाला, मॅडम? नुसत्या नावानं बोलावलं तरी येते मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिची माफी मागितली, नाव विचारलं आणि तडक बाईंकडे जाऊन घडलं ते सगळं सांगून टाकलं. चार दिवस माझ्या रेघांना वैतागलेल्या बाई पहिल्यांदाच मनापासून हसल्या.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान! अहो, मग आज एक रेघ स्वतःच्या नावावरही ओढा."

ओढली. मग त्या जरा गंभीर झाल्या. "मैदानावर कोणी अडखळू नये म्हणून चांगलं वाचणारे उभे करते हो मी. ही अडखळली तर?"

"अडखळू दे की."

"बरं. यापुढे सगळ्यांना पाळीपाळीने. सुरुवात हिच्यापासून."

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. ठरलेले चौघे रोज परराष्ट्रमंत्री आणि उपग्रह वाचायचे आणि मैदान जांभया द्यायचं. हिने बातमी स्वतः निवडली होती. पहिल्याच शब्दाला ती अडखळली. ती थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. उद्या गुरुवारी आपल्या भागात पाणी येणार नाही, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने येईल. मग वर बघून तिने पदरचं एक वाक्य घातलं, "आजच भरून ठेवा."

मैदान खडबडून जागं झालं. मी शेजारी पाहिलं, तर बाई, शिपाईमामा आणि खुद्द मुख्याध्यापक मोबाईल कानाला लावून आपापल्या घरी पिंप भरायला सांगत होते.