पालक चुकला तर मूल बसणार

बस स्थानकातल्या चौकशीच्या खिडकीमागे बसून गाड्यांची नावं पुकारणं हे तिचं काम. त्यामुळे नृत्यवर्गातले सगळे पालक तिला घोषणाबाई म्हणत. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि सवय अशी की घरात जेवायला हाक मारली तरी ऐकणाऱ्याला वाटावं, गाडी सुटली. नवरा परगावी पुलांच्या कामावर असायचा, तो महिन्यातून कधीतरी यायचा आणि म्हणायचा, "अगं, हळू. मी एकटाच प्रवासी आहे इथं."

स्थानकापासून चार गल्ल्या सोडून धाकट्या बहिणीचं घर होतं. बहिणीचा नवरा टायरवाला. रस्त्याच्या कडेला दुकान, बाहेर काळ्या टायरांची उतरंड, हातांवर कायमचा काजळीचा थर. माणूस मनानं वाईट नव्हता. अडल्यानडल्याला धावून जायचा, सासूच्या आजारपणात रात्रंदिवस राबलेला होता. पण राग नाकावर. डोकं फिरलं की आपण काय करतो आहोत याचं भान राहायचं नाही, आणि तासाभरानं काही घडलंच नाही अशा थाटात चहा मागायचा.

दोघी बहिणींच्या मुली एकाच नृत्यवर्गात होत्या. धाकटीची भिंगरी नावाप्रमाणेच होती. पाय जमिनीला लागतात की नाही असा प्रश्न पडावा. समूहनृत्यात पहिल्या रांगेतल्या कोपऱ्याची जागा तिची. घोषणाबाईंची बारकी मेहनती, अबोल, जरा बुजरी. ती राखीव होती. म्हणजे सगळं शिकायचं, सगळ्या तालमींना यायचं, आणि कुणी आजारी पडलं तरच उभं राहायचं. बारकीनं त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही. मावशीच्या मुलीचं कौतुक करण्यात तिचं अर्धं बालपण गेलं होतं.

त्या वर्षी स्पर्धा सुरू होण्याआधी नृत्य शिकवणाऱ्या मॅडमनी सगळ्या घरांना वर्गात बोलावलं. मुलं चटईवर, पालक भिंतीला टेकून. पालकांच्या वतीनं बोलायला घोषणाबाईंना निवडलं होतं, म्हणून नियम वाचायचं कामही त्यांच्याच गळ्यात आलं. प्रेक्षागृहात बसून मुलांना हातवारे करायचे नाहीत. पडद्यामागे यायचं नाही. दुसऱ्या वर्गाच्या मुलांबद्दल वेडंवाकडं बोलायचं नाही. कुणाला कुठं उभं करायचं ते मॅडम ठरवतील, घरच्यांनी त्यात पडायचं नाही. परीक्षकांशी गुणांवरून बोलायचं नाही, आधी नाही, नंतरही नाही. आणि शेवटचा नियम हा की यातलं काही घरच्या माणसानं मोडलं, तर त्याचं मूल त्या हंगामात मंचावर चढणार नाही.

"ताई, गाडी कोणत्या फलाटावर लागली म्हणालात?" मागून टायरवाल्यानं विचारलं आणि सगळे हसले. घोषणाबाईही हसल्या.

रंगारी तेवढा हसला नाही. त्याची मुलगी भिंगरीच्या शेजारी उभी राहायची. "चूक बापाची आणि शिक्षा पोराला, हा कुठला न्याय?" तो म्हणाला.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बापाला शिक्षा करायचा अधिकार मला नाही. आणि पोरापायी तरी बाप जपून वागेल, एवढीच आशा."

रंगारी परत भिंतीला टेकला. आदल्या वर्षी निकालावरून त्यानं प्रेक्षागृहात आरडाओरडा केला होता. त्याचा रोख कुणावर नव्हता, नुसताच आवाज होता, पण तेव्हापासून त्याच्या नावावर शिक्का बसला होता.

पहिल्या फेरीत वर्ग दुसरा आला. म्हणजे अंतिम फेरी पक्की. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत हसत होत्या. पण परीक्षकांनी निकाल सांगताना म्हटलं होतं की कोपऱ्यातली मुलगी छान नाचते, मात्र समूहाच्या पुढे पळते, एकटीच नाचल्यासारखी. त्यावरून गुण गेले. भिंगरीनं ते ऐकून मान हलवली होती. तिला पटलं असावं. बापाला पटलं नाही.

घोषणाबाई मुलींच्या बाटल्या भरायला मागच्या अरुंद वाटेनं पाण्याच्या नळाकडे गेल्या, तेव्हा त्यांना ते दिसलं. परीक्षक वयस्कर, काडीसारखे बारीक. टायरवाल्यानं त्यांचा दंड धरून त्यांना भिंतीशी दाबलं होतं. "माझ्या पोरीचं नाव घेऊन लोकांत कमीपणा आणता?" तो खालच्या आवाजात म्हणत होता, आणि तो खालचा आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता.

"भाऊजी, सोडा त्यांना."

त्यानं वळून पाहिलं आणि हात सोडला. परीक्षकांनी बाही सारखी केली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि ते निघून गेले. चालताना त्यांचा एक हात भिंतीला लागत होता.

"काही नाही ताई, बोलत होतो नुसतं," टायरवाला म्हणाला, आणि बाटल्या उचलायला वाकला.

पुढच्या आठवड्यात आयोजकांचा मॅडमना निरोप आला. तुमच्या वर्गाच्या एका पालकानं परीक्षकांच्या अंगावर हात टाकला. कुणाचा पालक ते परीक्षक सांगत नाहीत, म्हणतात, मुलीचं नुकसान माझ्या तोंडून नको. तुमचं तुम्ही शोधा.

शोधायला कुणाला वेळ लागला नाही. रंगारी! दुसरं कोण? त्याला त्या वाटेनं जाताना एका आईनं पाहिलंही होतं. तो शपथेवर सांगत राहिला की मी शौचालयाकडे गेलो होतो, पण ज्याच्या नावाची बोंब आधीच झाली आहे त्याचं कोण ऐकतो? मॅडमनी घोषणाबाईंना विचारलं, "तुम्ही तिकडे पाण्याला गेला होतात ना? काही दिसलं?"

"गर्दी होती," त्या म्हणाल्या.

दिवसभर माणसांना योग्य गाडी दाखवणारी बाई एवढंच बोलली. त्या संध्याकाळी तालमीत दुसरी एक राखीव मुलगी उभी केली आणि रंगाऱ्याची मुलगी कडेला बसवली गेली. पाय पोटाशी घेऊन ती बसली होती. मुलं ती मुलंच, पाठ वळली की कुजबुज आणि खिदळणं. बारकीनं घरी येऊन सांगितलं, "आई, ती सारखी आपल्या चपलेचा पट्टा काढत होती आणि लावत होती."

दुसऱ्या दिवशी त्या टायरच्या दुकानात गेल्या. टायरवाला चाकाशी उकिडवा बसला होता.

"भाऊजी, तुम्ही स्वतः जाऊन सांगा. मॅडम माणूस समजून घेणाऱ्या आहेत. दुसऱ्याची पोर भोगते आहे."

तो पाना फिरवत राहिला. "कुणी नाव घेतलंय का माझं?"

"नाही."

"मग?"

"मग मला घ्यावं लागेल."

पाना थांबला. "ताई, तुमच्या मांडीवर खेळलीय माझी पोर," एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

त्याच दुपारी धाकटी चौकशीच्या खिडकीशी आली. रांगेत उभी राहिली, सामानवाल्या प्रवाशांच्या मागे, आणि पाळी आल्यावर जाळीला तोंड लावून म्हणाली, "तू काही बोलणार नाहीस."

"अगं, मी डोळ्यांनी पाहिलं."

"हे म्हणाले, नुसतं विचारायला गेले होते. तू भलतंच धरून बसलीस."

मागची माणसं चुळबुळत होती. घोषणाबाईंनी ध्वनिक्षेपकाचं बटण दाबलं. "फलाट क्रमांक तीनवरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात." आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं त्यांनाच नवल वाटलं.

धाकटी आणखी जवळ झाली. "आणि एक सांगते. भिंगरी बसली की तिच्या जागी कोण उभं राहणार? तुझी बारकी. लोक आंधळे नाहीत, ताई. म्हणतील, सख्ख्या बहिणीच्या ताटातलं ओढून स्वतःच्या पोरीला वाढलं."

हे घोषणाबाईंच्या मनात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि त्यांनी ते दार लावून टाकलं होतं. आता बहिणीनं ते सताड उघडलं.

"म्हणू देत," त्या म्हणाल्या.

"मग तुझ्या घराची पायरी मी चढणार नाही." धाकटी वळली. मागच्या म्हाताऱ्यानं पुढे होऊन गाडीची वेळ विचारली, आणि घोषणाबाईंना ती दोनदा सांगावी लागली.

संध्याकाळी मॅडम चटया गुंडाळत होत्या. घोषणाबाईंनी दाराशीच उभं राहून सगळं सांगितलं. तेव्हा खोटं बोलले, हेही सांगितलं. मॅडम चटईवरच बसल्या.

"माझी एक विनंती आहे," घोषणाबाई म्हणाल्या. "भिंगरीच्या जागी बारकीला घेऊ नका. जागा मोकळी ठेवा, नाहीतर दुसरं कुणी घ्या."

मॅडमनी मान वर केली. "कुणाला कुठं उभं करायचं ते घरच्यांनी ठरवायचं नाही. तुम्हीच वाचलंत ना? बारकी वर्षभर घाम गाळते आहे. तुमच्या मनाच्या समाधानासाठी तिला का खाली बसवू?"

घोषणाबाई दारातून बाजूला झाल्या.

मॅडम त्याच पावली रंगाऱ्याच्या घरी गेल्या. हात जोडून माफी मागितली. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, पण मुलीला पुन्हा पाठवलं नाही. "तिचंच मन उडालंय," तो म्हणाला. घोषणाबाईही नंतर गेल्या होत्या. तो दारातच उभा राहिला. "बाई, तुम्ही खरं बोललात, उपकार झाले. पण पहिल्याच दिवशी बोलला असतात तर पोर नाचत असती." त्यानं रागानं म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं.

भिंगरीला बसवलं हे कळल्यावर टायरवाला वर्गात येऊन धिंगाणा घालेल अशी सगळ्यांना धास्ती होती. तो आला नाही. दुकानाचं दार दोन दिवस बंद होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी घोषणाबाईंच्या दारात भिंगरी उभी. शाळेचं दप्तर पाठीवर, डोळे सुजलेले. मावशीकडे न बघता ती आत गेली आणि बारकीला म्हणाली, "टेबल सरकव. कोपऱ्यातून वळताना तू नेहमी उशीर करतेस."

दोघींनी टेबल भिंतीला लावलं, खुर्च्या खाटेवर चढवल्या. घोषणाबाई स्वयंपाकघरातून ऐकत राहिल्या. पावलांचे आवाज, मध्येच भिंगरीचा वैतागलेला सूर, "अगं, खांदा नाही, आधी मान." पुन्हा पावलं. पोर आपली जागा दुसरीच्या अंगावर चढवत होती, जसा एखादा कपडा मापाचा करून द्यावा.

पाणी प्यायला ती आत आली. पेला हातात धरून तिनं विचारलं, "मावशी, बाबांनी खरंच धरलं होतं त्यांना?"

"हो."

"जोरात?"

घोषणाबाईंना वाटलं, इथं तरी थोडं सौम्य सांगावं. पण पोरगी थेट डोळ्यांत बघत होती. "हो बाळा. जोरात."

भिंगरीनं पाणी संपवलं, पेला उपडा घातला. "आजोबा आहेत ना ते," ती म्हणाली. पुढे म्हणाली, "आणि मी पुढे पळतेच. मला माहीत आहे." मग ती परत बाहेर गेली.

ती रोज येत राहिली. तिच्या घरी हे ठाऊक होतं की नाही, घोषणाबाईंनी विचारलं नाही.

अंतिम फेरीला धाकटी आणि तिचा नवरा आले नाहीत. भिंगरी मावशीच्या शेजारी प्रेक्षागृहात बसली, घरच्यांच्या रांगेत. पडदा उघडला आणि कोपऱ्यात बारकी दिसली, भिंगरीच्याच पोशाखात, कंबरेला टाचून बसता केलेला. खुर्चीतून हात हलवायचा नाही हा नियम भिंगरीला पाठ होता. तिनं दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून धरले होते. सबंध नृत्यभर ती हलली नाही. वळणाच्या जागी बारकीला किंचित उशीर झाला. भिंगरीनं डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

वर्गाला बक्षीस मिळालं नाही. बाहेर आल्यावर बारकी आईकडे न जाता भिंगरीपुढे उभी राहिली. "मान आधी गेली," ती म्हणाली. "पण खांदा राहिला."

"दिसलं मला," भिंगरी म्हणाली. आणि मग दोघी रडल्या.

धाकटीनं शब्द पाळला. कितीतरी महिने ती बहिणीच्या घरी आली नाही, समोर दिसली तर रस्ता बदलायची. टायरवाला मात्र एके दिवशी परीक्षकांच्या घरी जाऊन आला. तिथं काय झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. भिंगरीनं मावशीला एवढंच सांगितलं की बाबा परत आले ते बराच वेळ नुसते हात धूत होते. तो बदलला असं म्हणवत नाही. राग तसाच होता, पण आता राग आला की तो उठून दुकानाबाहेर जायचा. पुढच्या हंगामात भिंगरी पुन्हा नाचली, पहिल्या रांगेत नाही, मधल्या रांगेत. तिनंच मागून घेतलं होतं.

दोघी बहिणी पुन्हा बोलल्या त्या आईच्या घरी. आईला अंथरुणातून उठवून खुर्चीत बसवायचं होतं, आणि ते एकीच्या बळाचं काम नव्हतं. एकीनं खांदे धरले, दुसरीनं पाय. आईला बसवल्यावर दोघी चादर बदलायला लागल्या. चादरीची दोन टोकं दोघींच्या हातात.

"तू सांगितलंस त्याचा मला राग नाही," धाकटी खाली बघत म्हणाली. "पण आधी माझ्याकडे यायचं होतंस. दुकानात त्यांच्याकडे गेलीस, मॅडमकडे गेलीस. मला नवऱ्याच्या तोंडचंच खरं वाटत राहिलं."

"तू खिडकीशी आलीस तेव्हा मी म्हटलं होतं की पाहिलं."

"तेव्हा मी ऐकायला आले नव्हते."

रंगाऱ्याच्या मुलीची आठवण घोषणाबाईंना अजून अधूनमधून यायची. रस्त्यात दिसायची ती, मैत्रिणींबरोबर, उंच झालेली, ओळख न दाखवता पुढे जायची.

"तुझ्या बाजूनं जरा ओढ," धाकटी म्हणाली. "सुरकुती राहिली की आईला टोचतं."

त्यांनी चादर ताणली.